हनुवटीवरचा मास्क

कोलकात्याजवळ बजबजच्या एका रबर कारखान्यात आमचे हे मिक्सिंग विभागाचे साहेब होते. रबर काळं करणारी काजळी तिथे पोत्यांनी यायची. पोतं फोडलं की शेडभर नुसता काळा धुरळा. यांनी मालकांचं डोकं खाऊन धूळ ओढून घेणारे मोठे पंखे बसवून घेतले, कोरडा झाडू बंद केला, फरशी ओल्या फडक्यानेच पुसायची असं ठरवलं. मास्कशिवाय तर आत पाऊल टाकायचं नाही.

पण माणूस सांगलीचा, हळू बोलणं ठाऊकच नाही. पंख्यांच्या घरघरीत मास्कआडून बोललेलं कुणाला ऐकू जात नसे. मग एखाद्याचा मास्क नाकाखाली दिसला, की हे स्वतःचा मास्क हनुवटीवर ओढून त्याला झापत. तो झाला की पुढचा. विश्वकर्मा पूजेला मी कारखान्यात गेले होते, तेव्हा एक बंगाली मिस्त्री मला वहिनी अशी हाक मारून हसत म्हणाला, "बौदी, दादा हमको डाँटते हैं, अपना मास्क उतारके!" मीही हसले. फार हसलो आम्ही सगळे.

निवृत्तीनंतर कोलकात्यातच, सॉल्ट लेकच्या घरी खोकला आला तो मुक्कामालाच. डॉक्टरांनी फुप्फुसांचा फोटो दाखवून धुळीचं नाव घेतलं, तेव्हा यांनी विचारलं काय, तर "बाकीच्यांचं कसं असेल हो?" माझा असा संताप झाला! म्हटलं, बाकीचे ठणठणीत आहेत. त्यांचे मास्क तुम्ही वर करायला लावलेत ना.

आता तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असतो. बोलायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद आहे. ज्या आवाजाने शेजारी दचकायचे, तो आवाज घरात नाही आणि मला ते सोसत नाही. कुकरची शिट्टी झाली तरी बरं वाटतं.

काल कामवाली आली नाही, म्हणून मीच झाडू घेतला. खिडकीतल्या उन्हात धूळ उडालेली यांना दिसली. हात उचलून यांनी मास्क हनुवटीवर ओढला. "अगं, ओलं... ओलं फडकं..."

किती दिवसांनी ऐकला तो आवाज! पण छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागली. झाडू टाकून मी धावले आणि मास्क परत तोंडावर दाबून धरला.

ते आतून अजून काहीतरी सांगत होते. मला ऐकू आलं नाही.