दहातले दोन रडतात

परकी भाषा शिकली की करिअरला फार फायदा होतो, असं गुरुग्रामच्या टॉवरांत काम करणारी आमच्या सोसायटीतली मुलं मला सांगतात. मी मान डोलावतो. मी स्वतः जर्मन शिकून बढती मिळवलेला माणूस आहे. परीक्षेत नापास झालो होतो, ही गोष्ट वेगळी.

तेव्हा मी गाझियाबादच्या एका कारखान्यात सेल्समध्ये होतो. पाण्याच्या लाइनीला लागतात ते व्हॉल्व आम्ही बनवायचो. मालक पंजाबी. मनाने दिलदार, आणि आवाज असा की टेलिफोन नुसता शिष्टाचार म्हणून हातात धरायचे. मला ते ‘मराठा’ म्हणत. एक दिवस त्यांनी जाहीर केलं की एका जर्मन कंपनीशी आपलं कोलॅबरेशन होतंय आणि जो जर्मन शिकेल तो ट्रेनिंगला जर्मनीत जाईल. सेल्सची बाकीची मंडळी शहाणी होती, ती चहा पीत राहिली. मी दुसऱ्याच दिवशी दिल्लीतल्या एका संध्याकाळच्या वर्गाची फी भरून मोकळा झालो.

“अहो, आठ वर्षं झाली आपल्याला इथे येऊन,” बायको म्हणाली. “तुम्ही हिंदीत घासाघीस केली की भाजीवाला आधी पोटभर हसतो आणि मग भाव वाढवतो. आता त्या जर्मनांनी तुमचं काय घोडं मारलंय?”

दुसऱ्या महिन्यात कोलॅबरेशन फिसकटलं. फी परत मिळणार नव्हती म्हणून मी वर्गाला जात राहिलो. तेवढ्यात मालकांनी मला केबिनमध्ये बोलावून दुसरी बातमी दिली. फरिदाबादच्या एका मोठ्या कारखान्याची ऑर्डर मार्चअखेर आली नाही, तर मला सेल्समधून उचलून स्टोअरमध्ये बसवणार. आमचं स्टोअर म्हणजे मागच्या बाजूची पत्र्याची शेड. तिथे बसायचं आणि नटबोल्टांची वर्गवारी करायची.

या फरिदाबादला मी आठ महिने खेटे घालत होतो. तिथले खरेदीचे साहेब मला कधी दिसलेच नव्हते. दिसायचा तो दारावरचा चपराशी. तो दर वेळी म्हणायचा, “साहब मीटिंग में हैं,” आणि मला बाकड्यावर बसवायचा. ते बाकडं माझ्या मापाचं झालं होतं.

आमच्या जर्मनच्या बाई कडक होत्या. वर्गात जर्मनखेरीज दुसरा शब्द काढायचा नाही, हा त्यांचा नियम. एका संध्याकाळी त्यांनी जागा बदलल्या आणि माझ्या शेजारी एक पिकल्या केसांचे, तारेच्या चष्म्याचे गृहस्थ आले. ओळख करून द्यायची होती. ते तुटक जर्मनमध्ये म्हणाले, मी फरिदाबादला काम करतो. मी खरेदी करतो. मग कारखान्याचं नाव सांगितलं, ते माझ्या बाकड्याच्याच कारखान्याचं निघालं. पुढे ते म्हणाले, माझी मुलगी जर्मनीत राहते, नात चार वर्षांची आहे, ती फक्त जर्मन बोलते.

वर्ग सुटल्यावर मी जिन्यातच त्यांना गाठलं आणि कार्ड पुढे केलं. त्यांनी ते वाचलं, खिशात ठेवलं, ऑफिसचं काम ऑफिसात असं इंग्रजीत सौजन्याने सांगितलं आणि निघून गेले. म्हणजे बघा, ऑफिसात चपराशी, जिन्यात सौजन्य आणि वर्गात जर्मन. तरी रोज संध्याकाळी दोन तास तो माणूस माझ्यापासून हातभर अंतरावर बसलेला असायचा.

त्या आठवड्यात धडा होता दुकानाचा. मी दुकानदार, ते गिऱ्हाईक. मी त्यांना सफरचंदं विकली, पाव विकला, छत्री विकली. छत्री त्यांनी दुसऱ्या दिवशी परत आणली. तिला भोक आहे म्हणाले. नसलेल्या छत्रीला भोक काढणारा हा माणूस आमचे व्हॉल्व कसे घेणार, या विचाराने मला जेवण जाईना.

आणि एका संध्याकाळी त्यांनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं आणि जर्मनमध्ये विचारलं, “तुमच्याकडे व्हॉल्व आहेत?”

इंग्रजीत माझं भाषण तयार होतं. क्वालिटी, रिलायबिलिटी, प्रॉम्प्ट सर्व्हिस. झोपेतून उठवलं तरी म्हणालो असतो. पण जर्मनमध्ये माझ्याजवळ तीन महिन्यांची शिदोरी. लहान, मोठं, चांगलं, दार, पाणी, उद्या, रविवार आणि शंभरपर्यंतचे आकडे.

“आहेत,” मी म्हणालो. “पाण्यासाठी लहान दार. दार उघडतं. दार बंद होतं.”

“नेहमी बंद होतं?”

मी थाप शोधायला लागलो. ‘साधारणतः’, ‘क्वचित अपवाद वगळता’ हे असले शब्द पुढच्या वर्गाला होते. ‘नेहमी’ म्हणता आलं असतं, पण ज्याने छत्रीचं भोक शोधलं त्याच्यासमोर ते ओठांपर्यंत येईना. गळतात याला शब्द आठवेना. बाळाच्या धड्यातला एक तेवढा सापडला.

“दहा व्हॉल्व,” मी म्हणालो. “आठ चांगले. दोन रडतात.”

“मग?”

“मग मी येतो.”

“कधी?”

“उद्या. रविवारी पण.”

“स्वस्त आहेत?”

“नाहीत.”

बाईंनी एक चूक सुधारली आणि व्हॉल्व रडत नाहीत असं समजावून सांगितलं. साहेबांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. घरी आलो तो स्टोअरमध्ये उकाडा किती होतो याचा हिशोब करतच. बायकोला सगळं सांगितलं तर ती पोट धरून हसली. मग डोळे पुसत म्हणाली, “लग्नाआधी माझ्याशी पण जर्मनमध्येच बोलायला हवं होतं तुम्ही.”

चौथ्या दिवशी फरिदाबादहून बोलावणं आलं. चपराशी मला पाहून उभा राहिला आणि म्हणाला, साहब बुला रहे हैं. साहेब म्हणाले, इतकी वर्षं खरेदीत आहे, समोर बसलेल्या प्रत्येकाचे दहाच्या दहा चांगले असतात, आकडा सांगणारे तुम्हीच पहिले. त्यांनी चाचणीपुरते पन्नास व्हॉल्व घेतले.

त्यातले बरोबर दहा रडले. माझं जर्मन अचूक निघालं. मी रविवारी पाने-पक्कड घेऊन गेलो आणि संध्याकाळपर्यंत सगळे ठीक केले. साहेब घरचा स्वेटर घालून शेजारी उभे होते, मला गप्प करून नातीला म्हणायची वाक्यं माझ्यासमोर घोकत होते. पुढे परीक्षेत ते पास झाले, मी पाच मार्कांनी गेलो. नात त्यांच्याशी फोनवर अर्धा तास बोलली, हे त्यांनी मला जर्मनमध्येच सांगितलं आणि मला ते सगळं कळलं.

मार्च संपायच्या आत मोठी ऑर्डर आली. मालकांनी सगळ्या ऑफिसला जिलबी वाटली, मला मिठी मारली, सेल्सचा ‘असिस्टंट मॅनेजर’ केलं, आणि केबिनचं दार लावून विचारलं, “मराठा, सच बता, उसको बोला क्या तूने?”

मी शब्दन् शब्द सांगितला. आठ चांगले, दोन रडतात, स्वस्त नाहीत.

मालकांच्या हातातली जिलबी तशीच राहिली. मग, त्या कारखान्यात पहिल्यांदाच, ते हळू आवाजात बोलले.

“जर्मन में बोल दिया, ठीक है,” ते म्हणाले. “हिंदी में किसी को मत बोलना.”