सगुणची सही

मोपाच्या पठारावर नेटवर्कच्या यंत्रांसाठी नवी खोली उभी राहिली होती. तिचं वायरिंग आखायला आलेला सगुण वायरमन पहिला तासभर भिंतींकडे फिरकलासुद्धा नाही. तो जमीन बघत हिंडत होता. या माणसाचं सगळं असंच! कुणाकडे जेवायला गेला तरी ताटावर बसण्याआधी विचारील, "तुमची अर्थिंग खंय पुरल्यात?"

नकाशात अर्थिंगचा खड्डा खोलीच्या मागेच दाखवला होता. सगुणने तिथे सळ्या ठोकून जमिनीचा रोध मोजणारा मीटर लावला. हवा होता दोन ओहमच्या आतला आकडा, आला चाळीस! खाली सगळा कोरडा ठणठणीत कातळ. गळका करंट जमिनीत जाणार कसा? तो यंत्राच्या पत्र्यातच बसून राहणार, आणि त्या पत्र्याला रोज हात लावणार होती गौरवी, कंपनीची तरुण इंजिनियर.

घाई मात्र तिलाच. "सगुणकाका, उद्या यंत्रं येतायत. करा ना सही! सगळे करतात."

"सगळ्यांका करूं दी."

अकरा वर्षांपूर्वी डिचोलीकडच्या एका पंपघरात त्याचा जोडीदार विठू शॉक लागून गेला. तेव्हापासून आकडा बघितल्याशिवाय सगुण सही करीत नाही, हे गौरवीच्याही कानावर होतं. तिने अर्थिंगच्या दाखल्याचा कागद परत फायलीत ठेवला.

सगुण गेला तो थेट गायीसाठी चारा कापणाऱ्या देवकीमावशीकडे. "मावशे, ह्या कातळार चैतातय गवत खंय हिरवा ऱ्हवता?"

"तुका कित्याक रे गवत? म्हस घेतलंस काय?" म्हातारी खो खो हसली, पण उतारावरची एक घळ तिने दाखवली. तिथली माती ओलसर, मुठीत दाबली की गोळा होत होती. सगुणला कोण आनंद झाला!

तिथे दोन खड्डे खणले, तांब्याची पट्टी खोलीपर्यंत आणली. तीन दिवस गेले. यंत्रं खोक्यात पडून राहिली, साहेबाची बोलणी गौरवीने खाल्ली. चौथ्या दिवशी मीटरवर दीड आलं.

गौरवी आकड्याकडे बघतच राहिली. राग कुठल्या कुठे गेला होता, आता तिलाच राहवेना. "काका, विठूच्या त्या पंपघरात किती आलं होतं?"

सगुणने पेनाचं टोपण काढलं.

"मोजूकच नाय," तो म्हणाला. "घाई होती. सही माझीच."

त्याने कागदावर सही केली. तो तिच्या हातात देण्याआधी मीटर पुन्हा एकदा लावला.