भाऊजींचा मान

नरेशच्या दहाव्याला नदीवरचे विधी उरकल्यावर माझे चुलत सासरे तात्या बोलायला उभे राहिले. वांगणीला माझ्या सासुरवाडीच्या भावकीत कोणीही गेलं की शेवटी तात्या बोलतात, हे ठरलेलं आहे. त्यांनी उपरण्याने डोळे पुसले आणि म्हणाले, "आमच्या नऱ्यानं शेवटपर्यंत भाऊजींचा मान राखला. असा मेव्हणा मिळायला भाग्य लागतं." जमलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. शेजारी बसलेल्या कोणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो मी झटकला. लोकांना वाटलं, दुःखाने. तिथे मी काही बोललो नाही, म्हणून आता लिहितोय. दीड महिना होत आला, माझा राग उतरलेला नाही आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

नरेश माझ्या बायकोचा, सुषमाचा, धाकटा भाऊ. वय त्रेचाळीस. घरची थोडी शेती वांगणीला, पण हा विसाव्या वर्षापासून उल्हासनगरला कॅम्प दोनमधल्या एका गॅरेजमध्ये गाड्या पॉलिश करायचा. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. त्यातली पहिली चोवीस वर्षं त्याचं-माझं बोलणं म्हणजे "बरं आहे ना भाऊजी?" आणि "हो, बरं आहे," एवढंच. मी सासरी गेलो की तो बसल्या जागेवरून उठायचा, माझ्या हातातली पिशवी घ्यायचा, हातावर पाणी घालायचा आणि मी बसेपर्यंत बसायचा नाही. अंबरनाथच्या कारखान्यात मी क्वालिटी खात्यात होतो. तिथे दिवसभर वरचे लोक मला झापायचे. सासरी आपल्यासाठी कोणीतरी उठून उभं राहतं, याचं मला सुख वाटायचं. खोटं कशाला बोलू?

दोन वर्षांपूर्वी मी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि बदलापूरला, कात्रपच्या फ्लॅटमध्ये सुषमाच्या पायात पायात यायला लागलो. आमची गाडी काळी, जुनी घेतलेली. वॉचमनने वर्षानुवर्षं धुळकट फडका फिरवून तिच्यावर गोल गोल रेघांचं जाळं करून ठेवलं होतं. मी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले, पॉलिशिंग मशीन मागवलं आणि पार्किंगमध्ये डिकीवर फिरवलं. पंधरा मिनिटांत डिकीच्या कडेचा रंग उडून खालचा राखाडी थर दिसायला लागला. सुषमा म्हणाली, "नरेशला दाखवा, नाहीतर पुढच्या आठवड्यात पत्रा दिसेल."

नरेशने ती कड पाहिली. बोटांनी चाचपली. मग हात जोडले आणि म्हणाला, "भाऊजी, माफी असावी, पण गाडी पॉलिश करत होतात का भांडी घासत होतात?" चोवीस वर्षांत हा माणूस माझ्याशी असं बोलला नव्हता. मी हसलो. मग मीच म्हणालो, मला शिकव. तो अवघडला. जावयाला काम लावायचं, तेही गॅरेजमध्ये, पोरांसमोर! अखेर त्याने एक तोडगा काढला. "मशीन चालू आहे तोवर तुम्ही भाऊजी नाही. चालेल? नाहीतर मला शिकवता येणार नाही." मी म्हटलं, चालेल.

मग दर मंगळवारी-शुक्रवारी मी कॅम्प दोनला जायला लागलो. त्याने भंगारवाल्याकडून एक जुनं बोनेट आणून दोन पिंपांवर ठेवलं होतं, आणि चार महिने मला त्या बोनेटपलीकडे जाऊ दिलं नाही. पहिल्याच दिवशी मी मशीन हवेत चालू केलं. पॅडवरचं सगळं कंपाउंड, म्हणजे पॉलिशची पेस्ट, भिंतीवर, माझ्या चष्म्यावर आणि गॅरेजच्या मालकाच्या, सेठच्या, शर्टावर उडालं. "पहले टिकाओ, फिर चलाओ!" नरेश इतक्या जोरात ओरडला की शेजारच्या फर्निचरवाल्याने डोकावून पाहिलं. सेठ सिंधी, सज्जन माणूस. शर्ट पुसत म्हणाला, "साईं, तेरे जीजाजी हैं, आराम से." नरेश म्हणाला, "मशीन चालू है सेठ, अभी कोई जीजाजी नहीं." वायर खांद्यावरून पाठीमागे घ्यायची, नाहीतर ती रंगावर घासते. एका वेळी दोन फुटांचा चौकोनच घ्यायचा. दाबायचं नाही, मशीनचं वजन पुरतं. कडांना आधी टेप लावायची, कारण कडेवर रंग सगळ्यात पातळ असतो. हे सगळं मी शिव्या खात शिकलो. मधेच तो माझ्या हातातून मशीन काढून घ्यायचा, उलट्या पंजाने पत्रा चाचपायचा आणि माझा हात धरून त्यावर ठेवायचा. "तापलाय ना? मग थांबायचं. तापल्यावर अजून एक हात मारू असं वाटतं, तिथंच रंग जातो." मशीन बंद झालं की लगेच खुर्ची पुसून पुढे करायचा, "बसा भाऊजी, चहा सांगतो." मला त्या दोन वर्षांत जेवढी शिस्त लागली तेवढी कारखान्यात लागली नाही. आणि मला एक मित्र मिळाला... वयाच्या चोपन्नाव्या वर्षी कोणाला मिळतो?

मार्चमध्ये माझ्या मुलीचं, ऋतुजाचं, लग्न ठरलं. मामाकडे केळवण वांगणीला. नरेशने आधीच सांगून ठेवलं होतं, "गाडी घेऊनच या. भाचीच्या लग्नातली गाडी मामाने चमकवायची." रविवारी सकाळी लवकर गेलो. अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली गाडी लावली आणि त्याने काम सुरू केलं. बोनेट झालं, डावी बाजू झाली. इतकी सुंदर झाली होती की ऋतुजाने त्या दारात बघून केस नीट केले. उजव्या बाजूला आल्यावर तो थांबला. सावलीत होता, तरी मानेवरून घाम वाहत होता. जबडा चोळत म्हणाला, "पित्त झालंय बहुतेक. रात्री वडे खाल्ले." मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ. तो म्हणाला, केळवण टाकून? मग मी मशीन त्याच्या हातातून घेतलं, त्याला खुर्चीत बसवलं आणि पुढचं दार करायला लागलो. तो बसला. मुकाट्याने बसला, यावरूनच मला कळायला हवं होतं. दोन हात झाले असतील नसतील, तात्या ओटीवरून उतरले.

"आरं नऱ्या, जावईबापू घाम गाळतायत नि तू खुर्चीत बसून बघतोस व्हय? लाज हाय का न्हाय?"

पाहुणे हसले. मशीन चालू होतं, पण कॅम्प दोनमधला तो नियम वांगणीच्या अंगणात कोणाला ठाऊक नव्हता. नरेश उठला. तोही हसत होता. म्हणाला, "द्या भाऊजी." मी मशीन त्याच्या हातात दिलं. पाहुण्यांमध्ये जाऊन बसलो, कोणीतरी सरबत आणून दिलं. दहा मिनिटांनी मशीनचा आवाज बदलला, भुईवर खडखडल्यासारखा. वळून पाहिलं तर तो पुढच्या चाकाला टेकून बसला होता आणि मशीन मातीत एकटंच फिरत होतं. त्याच गाडीतून त्याला बदलापूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, अर्धा-पाऊण तास आधी आणायला हवं होतं.

अर्धा-पाऊण तास. म्हणजे तो खुर्चीत बसला होता तेव्हा.

आणि तात्या नदीवर उभं राहून सांगतात, मान राखला! कसला मान? कोणी मागितला होता? जबडा दुखतोय म्हणणारा माणूस खुर्चीत बसलाय, त्याला चारचौघांत लाज काढून उठवायचं आणि तो मेला की त्याच्या गुणांचं भाषण करायचं. त्याच्या दोन मुली समोर बसल्या होत्या. त्यांनी यातून काय घ्यायचं? की बापाने आत्याच्या नवऱ्याला घाम येऊ नये म्हणून जीव दिला, तर चांगलंच केलं? गावातला जो भेटतो तो हेच ऐकवतो. मला त्या प्रत्येकाचा राग येतो. नरेशचाही येतो. मला बोनेटपाशी हजार वेळा "थांबा" म्हणणारा तू, नरेश, एकदा तात्यांना म्हणायचं होतंस, बरं नाही मला, बसू द्या. तुला ओरडता येत नव्हतं असं नाही. मी ऐकलंय तुझं ओरडणं.

गाडी तशीच आहे. बोनेट आणि डावी बाजू आरशासारखी, उजवी बाजू जाळ्यांनी भरलेली, आणि पुढच्या दारावर जिथे तो थांबला तिथपर्यंत एक चकचकीत पट्टा. गॅरेजच्या पोरांनी दोनदा फोन केला, "काका, आम्ही येऊन करतो." मी नको म्हटलं. मशीन मी घरी आणून ठेवलंय, पॅडमध्ये वांगणीची माती आहे.

गेल्या रविवारी लग्नाची नवी तारीख ठरवायला ऋतुजाचा होणारा नवरा ओंकार आमच्याकडे जेवायला आला होता. चांगला मुलगा आहे. गाडी पार्किंगमध्ये पाहून आला होता. त्याला आमच्याकडचं सगळं ठाऊक नाही. वरणभात कालवत त्याने सहज विचारलं, "काका, गाडी अर्धीच का पॉलिश केलीय?" मी सांगायला लागलो. केळवण, अंगण, खुर्ची... आणि तात्यांपर्यंत आलो तसा माझा आवाज चढला. मी म्हणालो, त्या माणसाने त्याला खुर्चीतून उठवलं.

सुषमा पोळी वाढायला आली होती. भाऊ गेल्यापासून ती माझ्याशी या विषयावर एक शब्द बोलली नव्हती. तिने ओंकारच्या ताटात पोळी ठेवली आणि त्यालाच सांगितलं, "तात्या म्हातारे आहेत, ते बोलणारच. मशीन यांच्या हातात होतं. यांनी ते परत दिलं."

पुढची पोळी माझ्या ताटात ठेवून ती आत गेली.