झाकण

विजेवर तापणाऱ्या स्टीलच्या पिंपात जव भिजले, की पेजेसारखा गोड वास विचुंबे गावातल्या आमच्या स्वयंपाकघरात पसरतो आणि माझं डोकं आजही तापतं. बियर करायचं ते यंत्र नवं होतं, तेव्हा ऑफिसातला एक मित्र शिकवायला आला होता. जव गाळून उरलेलं गोड पाणी उकळायला लागलं, तसं त्याने वर झाकण ठेवलं. दारात उभी असलेली आई म्हणाली, “झाकन काढ रं, वास आतच कोंडंल.” मित्र वळलासुद्धा नाही. “काकू, ही बियर आहे, तुमच्या गावची हातभट्टी नाही.” ज्या बाईने चार बायका गोळा करून गावातली हातभट्टी बंद पाडली होती, तिला तो हे ऐकवत होता. आई अंगणात गेली. काही आठवड्यांनी बाटली उघडली, तर बियरला उकडलेल्या कोबीचा वास. त्याने खुशाल यंत्राला दोष दिला. पुढच्या वेळी मी एकट्याने, झाकण न ठेवता बियर केली आणि ती नीट झाली. त्या माणसाला मी पुन्हा घरी बोलावलं नाही. पण तो ते बोलला तेव्हा मीही हसलो होतो, आणि आईने ते पाहिलं होतं.