साडभाऊंचं तपासणी नाकं

या जगात कुठलीही वस्तू उलटून, हुंगून आणि ठोकून पाहिल्याशिवाय घरात न घेणारा एकच माणूस मी पाहिला आहे, आणि तो नेमका माझा साडभाऊ निघाला. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सौसरला त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. स्वतःच्या बागेतली, स्वतःच्या हाताने तोडलेली संत्री घरी आणली तरी ते एकेक संत्रं कानाशी नेऊन हलवतात. पांढुर्ण्याच्या बसमध्ये चढताना पाटी वाचतात, मग कंडक्टरला विचारतात, मग शेजारच्या म्हाताऱ्याला विचारतात, आणि तिघांचं उत्तर जुळलं की मगच बूड टेकतात. मोटरसायकल काढायची तर दोन्ही चाकं अंगठ्याने दाबून पाहायची. दारात आलेल्या दुधाचीही परीक्षा असते. "मी चहा करून आणला तरी आधी हुंगते हा माणूस," असं ताई, म्हणजे त्यांच्या बायको, हसत सांगतात, पण इतकी वर्षं संसार करून त्या अजून परीक्षेतच आहेत.

माझ्या पुतणीसाठी लोधीखेड्याचं एक स्थळ आलं तेव्हाची गोष्ट आमच्याकडे अजून निघते. मुलाकडच्यांनी फोटोंचा पेनड्राइव्ह आणला होता. पोह्यांच्या बशा हातात, सगळे टीव्हीकडे डोळे लावून बसलेले, तेवढ्यात साडभाऊंनी तो पेनड्राइव्ह मधल्या मधे उचलला आणि आपल्या लॅपटॉपला लावला. पाच मिनिटं तपासणी चालली. मग त्यांनी चष्मा वर केला आणि भर बैठकीत सांगितलं, "तीन व्हायरस निघाले जी पोराच्या पेनड्राइव्हमंदी." मुलाच्या आईचा चेहरा असा पडला की आता पोहे तसेच ठेवून उठतात की काय असं वाटलं. साडभाऊ मात्र शांत. "साफ केले मी. पोरगं चांगलं आहे, फक्त मित्र पाहून करायले सांगा." लग्न झालं. तो जावई अजूनही सौसरला गेला की मोबाइल खिशातून बाहेर काढत नाही.

पण हा माणूस पहिल्यापासून असा नव्हता, आणि हे मी नेहमीच थट्टेच्या ओघात सांगायचं विसरतो. त्यांचे थोरले भाऊ, सगळ्या सौसरचे दादा, भजनी मंडळात गायचे. गळा असा की बाजारातला माणूस पिशवी खाली ठेवून उभा राहायचा. साडभाऊंनी दुकानातच, शटर अर्धं ओढून, दादांची गाणी कॉम्प्युटरवर भरून घेतली होती. एक दिवस लग्नसराईच्या घाईत कोणाचा तरी पेनड्राइव्ह त्यांनी न तपासता लावला. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरमधल्या सगळ्या फायलींना कुलूप. पडद्यावर खंडणी मागणारा इंग्रजी मजकूर. गाणी जागच्या जागी, पण एकही उघडेना. पुन्हा भरून घेऊ, दादा म्हणाले, आणि त्याच वर्षी गेले. त्या कुलुपाची किल्ली कधी तरी कोणी तरी शोधून काढेल, या आशेवर साडभाऊंनी ती बंद गाणी जपून ठेवली आहेत. कुठे ठेवली ते मात्र त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, आणि सौसरच्या घरीच असतील असं मी धरून चाललो होतो.

मी पांढुर्ण्यात एका शाळेत बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, आहे. शाळेचं सगळं दफ्तर आता एका पेटीत असतं. पेटी म्हणजे चार हार्डडिस्क बसवलेला एक सर्व्हर, ज्यातून ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरवर त्याच फायली उघडतात. ही पेटी सुरक्षित करायचं काम साडभाऊंकडे आलं, आणि आमचं ऑफिस त्या दिवसापासून सीमेवरचं नाकं झालं. पेटीला स्वतः फायली तपासता येत नाहीत म्हणून तिच्या शेजारी त्यांनी एक वेगळा कॉम्प्युटर बसवला. कोणी फाइल उघडली की ती आधी या कॉम्प्युटरकडे जाणार, अँटिव्हायरस ती पाहणार, मग आपल्याला मिळणार. ठेवताना पुन्हा तेच. "आणि हा तपासनीस बंद असला तं?" मी विचारलं. "तं एकबी फाइल उघडनार नाही," साडभाऊ म्हणाले. "पहारेकरी नाही तं दरवाजा बंद." रोगी फाइल सापडली तर ती पुसायची नाही, बाजूच्या कोठडीत ठेवायची, हाही त्यांचाच नियम. "फेकून देनं सोपं असते जी." हजेरीपत्रक उघडेपर्यंत आमच्या मुख्याध्यापिका मॅडमचा चहा पिऊन होऊ लागला. मी हात जोडले, निदान जुन्या फोटोंना तरी सूट द्या म्हटलं. "सूट कोनालेच नाही. मले बी नाही," असं म्हणून त्यांनी पासवर्ड पाकिटात घातला, पाकिटाच्या जोडावर सही केली आणि ते माझ्या कपाटात ठेवून दिलं.

खंडेनवमीला आमच्या चपराशी काकांनी ऑफिसातल्या साऱ्या अवजारांची पूजा केली. घंटा, कात्री, टाइपरायटर आणि अर्थातच तो तपासनीस. हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि अवजाराला आज काम लावायचं नसतं म्हणून त्याचं बटण बंद करून ठेवलं. दसऱ्याच्या सुट्टीनंतर आम्ही आलो तर एकही फाइल उघडेना. त्याच दिवशी परीक्षेचे फॉर्म पाठवायचे, मुली फोटो घेऊन दारात उभ्या. साडभाऊ फोनवर म्हणाले, "पाकीट फोडा. चालू करा. बाकी कायलेच हात लावू नका." मी चालू केलं. फायली उघडल्या, फॉर्म गेले. तिथेच थांबायला हवं होतं. पण पाकीट फोडलेलं, पासवर्ड हातात, आणि समोर 'अपवाद' असं लिहिलेली, तपासणीतून सूट दिलेल्यांची यादी. उघडली तर त्यात एकाच फोल्डरचं नाव. जुने-१.

खरं सांगतो, मला आनंद झाला. जावयाचा पेनड्राइव्ह तपासणाऱ्या, ताईंचा चहा हुंगणाऱ्या माणसाने स्वतःसाठी एक चोरदरवाजा ठेवला होता! मी ते नाव यादीतून काढलं. दोन मिनिटांत पडद्यावर आलं की जुने-१ मधल्या सगळ्या फायली उचलून कोठडीत टाकल्या. मी लगेच फोन लावला. "साडभाऊ, तुमचा चोर पकडला हो आम्ही! जुने-१!"

पलीकडून दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला. मग, "मी येऊन राहिलो," आणि फोन बंद.

ते आले तेव्हा शर्टाची बटणं वरखाली लागलेली होती आणि मोटरसायकलचं पुढचं चाक निम्मं बसलेलं होतं. चाक न दाबता निघालेले साडभाऊ मी पहिल्यांदा पाहिले. "दादाचे गाने होते जी त्याच्यात," ते म्हणाले. "आपल्या दोन गावांत याच्याहून पक्की जागा मले नाही दिसली. तपासनाऱ्यानं पाह्यलं असतं तं रोगी समजून उचललं असतं, म्हून सूट देल्ली." मला खुर्चीत बसवेना. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी जुने-१ पुन्हा यादीत घातलं आणि कोठडी उघडली. त्यांच्याच नियमाने काही पुसलं गेलं नव्हतं, सगळी गाणी होती. ते एकेक परत जागेवर नेऊ लागले आणि प्रत्येक नाव मोठ्याने वाचू लागले. नावंही त्यांनीच दिलेली. पोळ्याच्या दिवशीचं. लाइट गेली तेव्हाचं. दुसऱ्यांदा म्हटलेलं. खोकला आलेलं. तिथे ते थांबले. "हे पुसून टाकनार होतो मी. खोकला आला म्हून. बरं झालं राह्यलं." मग ते गाणं त्यांनी दोन ओळी गुणगुणून पाहिलं. गळा फाटका, सूर भलतीकडेच. चपराशी काका दारात हात जोडून उभे राहिले.

यंदा खंडेनवमीला काकांनी चालू तपासनीसालाच झेंडू वाहिला. मध्ये एकदा कुठली तरी नवी किल्ली निघाली म्हणून साडभाऊ येऊन गेले. खोकला आलेल्या गाण्यावरच लावून पाहिली. "नाही उघडत. पुढं पाहू," म्हणाले आणि चहा हुंगून प्यायले. मी आता त्यांची पूर्वीसारखी थट्टा करत नाही. सकाळी ऑफिसात आलो की हजेरीच्या आधी ती अपवादांची यादी उघडतो, जुने-१ जागेवर आहे हे पाहतो, आणि मगच बूड टेकतो.