फ्रिजच्या पोटातला कॉम्प्युटर

फ्रिज दुरुस्त करणाऱ्या माणसाला गल्लीने थंडोबा म्हणावं, यात नवल ते काय! पण बायकोचा डावा हात अर्धांगाच्या झटक्याने लुळा पडला, तेव्हापासून हा थंडोबा आतून नुसता पोळत होता. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "बोटं चालवली तर हात परत येईल, नाहीतर गेलाच समजा." त्यासाठी दिलेला स्पंजचा चेंडू बायकोने पहिल्याच दिवशी पलंगाखाली भिरकावला. "मी काय तान्हं बाळ आहे?"

आता ही बाई साधीसुधी नव्हे हं! लेक घरी होता तेव्हा त्याच्या गेमच्या कन्सोलवर, मोटारींच्या शर्यतीत, त्याला धूळ चारायची. दूध उतू गेलं तरी पहिला नंबर सोडायची नाही. पुढे लेक नोकरीसाठी परगावी गेला, कन्सोल बिघडला, कंट्रोलर तेवढा कपाटात उरला.

थंडोबाने लेकाला फोन लावला. "नवा कन्सोल कशाला घेता, बाबा?" लेक म्हणाला. "कन्सोलचीच चिप असलेले जुने बोर्ड भंगारात मिळतात. त्याचा झकास कॉम्प्युटर होतो. फक्त तापतो फार, थंड ठेवायला लागतो."

थंड ठेवायचं? अहो, उभा जन्म त्यातच गेला की! बोर्ड भंगारातून आला, पॉवर सप्लाय एका टाकाऊ कॉम्प्युटरमधून निघाला, आणि पेटी म्हणून दुकानात पडलेल्या छोट्या फ्रिजचा रिकामा सांगाडा. लेक फोनवरून सांगत गेला, हा चुकतमाकत जोडत गेला. शेवटी हाताच्या सवयीने दाराला नवंकोरं रबर बसवलं, मुंगीसुद्धा आत शिरणार नाही असं.

"काय हे ध्यान!" बायको म्हणाली. पण पडद्यावर मोटारी घुरघुरल्या आणि तिने कंट्रोलर मागितला. डावा हात नावापुरता खाली टेकलेला, सगळी भिस्त उजव्यावर. गाडी भिंतीवर आपटायची आणि ही गाडीच्या सात पिढ्या उद्धरायची. थंडोबा शेजारी जीव मुठीत धरून बसला. चौथा नंबर, तिसरा, दुसरा... आणि शेवटच्या वळणावर पडदा काळा ठिक्कर!

"अहो!" ती कडाडली. "तापणारी वस्तू आत, आणि दार घट्ट बंद? गरमी बाहेर जाणार कुठून? फ्रिज आहे का हा?"

थंडोबाने कपाळावर हात मारून घेतला. तो उठेपर्यंत तिने स्वतःच दाराची मूठ धरून ओढली. रबर सुटेना. तिने दात-ओठ खाऊन हिसका दिला, दार उघडलं, आतली गरम हवा दोघांच्या तोंडावर आली. कंट्रोलर अजून तिच्या उजव्या हातात होता. मुठीवर होता तो डावा, चारही बोटं वळलेली.

थंडोबाच्या डोळ्यांना धार लागली. "रडता काय, आधी माझी शर्यत चालू करा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्याने फ्रिजच्या पाठीला मोठं भोक पाडून पंखा बसवला. तापणं थांबलं. दाराचं रबर मात्र तसंच ठेवलं. रोज खेळाआधी पठ्ठ्या दोन्ही हातांत वायरी धरून बसायचा. "अगं, माझे हात अडकलेत. जरा दार उघडतेस?"

"कळतात हो सगळी नाटकं," ती म्हणायची, आणि डावा हात पुढे करायची.

एके दिवशी दार पहिल्याच ओढीला उघडलं. तिने त्याच्याकडे संशयाने पाहिलं. "रबर सैल केलंत ना, लबाड?"

"छे गं," तो म्हणाला, "होतं तेवढंच घट्ट आहे."