धाकटीने बदललेलं कुलूप

माझी धाकटी बहीण दवाखान्यात नेटवर्कचं काम बघायची. सगळ्या यंत्रांच्या वायरी ज्या पेटीत येऊन मिळतात तिला स्विच म्हणतात, हे मला तिच्यामुळेच कळलं. त्या पेटीत शिरायला नाव आणि पासवर्ड लागतो. पण तिथे काम करणाऱ्या सगळ्यांचं नाव एकच आणि पासवर्डही एकच. कुणीही शिरावं, काहीही करावं, आणि निस्तरायची वेळ आली की बोट धाकटीकडे. एकदा कुणीतरी एक्सरेची लाइन बंद केली आणि बोलणी हिने खाल्ली. साहेब म्हणाले, "पुन्हा असं झालं तर घरी बसा."

घरी बसून कसं भागणार? नवरा कंबरेच्या दुखण्याने आडवा, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. घर हिच्या एकटीच्या जिवावर.

मग साहेबांच्या मागे लागून तिनेच नवी व्यवस्था मंजूर करून घेतली. प्रत्येकाला आपापलं नाव. कुणी शिरायला गेलं की स्विच मुख्य कचेरीतल्या सर्व्हरला विचारणार, ह्याला आत घेऊ का? आणि आत जाऊन कुणी काय केलं त्याची नोंदही तिकडेच.

"ताई, आता दुसऱ्याचं खापर माझ्या डोक्यावर नाही फुटणार," म्हणाली. फार दिवसांनी हसली होती.

त्या दुपारी तिचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

"ताई, देवाचं नाव घे. मी स्वतःलाच बाहेर कोंडून घेतलंय."

"कुठे? बाथरूमच्या?"

"अगं, स्विचच्या!"

झालं होतं असं, की कचेरीतल्या माणसाने नावं सर्व्हरवर चढवलीच नव्हती, आणि तो फोन बंद करून रजेवर. हिने नवी व्यवस्था चालू केली आणि बाहेर पडली. संगणकावर दुसरी खिडकी उघडून आधी शिरून बघायचं, मगच पहिली बंद करायची, अशी त्यांच्यात रीत. ती हिने पाळली नाही, कारण जुना पासवर्ड हाताशी आहे असं धरून चालली होती. पण सर्व्हर गप्प राहिला तरच स्विच जुन्या पासवर्डकडे बघतो. सर्व्हर "नाही" म्हणाला की विषय संपला. आणि इथे सर्व्हर प्रत्येकाला नाहीच म्हणत होता.

तिकडे अतिदक्षता विभागातल्या नव्या खाटेची लाइन उघडायची राहिलेली, आणि ऑपरेशन आटोपून पेशंट त्याच खाटेवर येत होता.

"एकच उपाय आहे," ती म्हणाली. "कचेरीकडे जाणारी वायर उपटायची. म्हणजे सर्व्हरचं उत्तरच येणार नाही. पण खाटांवरच्या पेशंटचे आकडेही त्याच वायरीने फिरून सिस्टरांच्या पडद्यावर येतात, ते सगळे गायब होतील."

"मग सिस्टरांना सांग."

"सांगितलं तर माझी नोकरी गेली, ताई."

"न सांगता उपटशील?"

ती सिस्टरांकडे चालायला लागल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "फोन ठेवू नकोस."

मी एका हाताने फोन कानाशी धरला, दुसऱ्या हाताने देव्हाऱ्याची कड.

मोठ्या सिस्टरांचा आवाज आला. "बाई, तुम्ही वायरी उपटणार आणि आम्ही काय पेशंटची तोंडं बघत बसायचं?"

"हो सिस्टर. तेवढा वेळ तेच करायचं."

मागे खाटांपाशी असलेल्या यंत्रांची टिकटिक ऐकू येत होती. मग सिस्टरांनी हाक दिली, "चला गं पोरींनो, एकेकीने खाटांपाशी उभं राहा. नजर हलवायची नाही. हं, ओढा."

टिकटिक चालूच होती. कळा दाबल्याचा आवाज, चुकल्यावर पुन्हा दाबल्याचा. धाकटी पेटीला विनवत होती, "उघड ना गं बाई, उघड ना." माझे ओठ हलत होते, पण कुठलं स्तोत्र म्हणतेय ते मलाच कळत नव्हतं.

"उघडली लाइन! वायर परत लावते," धाकटी म्हणाली.

"आले आकडे," कुणीतरी ओरडलं. "नव्या खाटेचेही आले."

पण पडदा साहेबांच्या खोलीतही होता. ते धावत आले. "कोणी केलं हे?"

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "पाय अडकला असेल कुणाचा."

धाकटी जुन्याच, सगळ्यांच्या नावाने आत शिरली होती. गप्प बसती तर निभावलं असतं. मात्र बोट तिच्याबरोबरच्या कुणाकडे तरी गेलं असतं.

"मी ओढली, साहेब."

"मग आता घरीच बसा."

पुढे कचेरीतला माणूस रजेवरून आला आणि नावं चढली. सगळ्यांची, हिचं सोडून.

त्या दिवशी संध्याकाळी ती माझ्याकडे आली. घरी अजून सांगितलं नाही म्हणाली. चहा तसाच निवत ठेवून बसली. मी देवापुढे हात जोडले, पण काय मागावं ते सुचेना. पाठीमागून तिने हळूच विचारलं,

"ताई, सिस्टरांना फोन लावून बघतेस? त्या खाटेवरचा पेशंट कसा आहे?"